भूस्तरांचा मोजणीदार विल्यम स्मिथ

आमच्या माळव्यात विहीर खणली जात असताना ज्यांनी काठावर उभे राहून पाहिले असेल, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. प्रथम काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम लागतो, मुरुमाखाली मऊ मांजऱ्या खडक आणि त्याच्याही खाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण. विहीर खणणाऱ्या माणसाने पुष्कळदा शाळेचे तोंडही पाहिलेले नसते. तथापि एक थर संपत आला की पुढे काय लागणार, हे तो न अडखळता सांगतो. त्याचे हे ज्ञान कुदळीच्या टोकाने मिळविलेले असते.

परंतु ही जाण त्या एका विहिरीपुरती, फार तर त्या एका शिवारापुरती असते. या शिवारातील थर आणि शंभर कोसांवरच्या डोंगरातील थर यांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. इंग्लंडमधील एका मोजणीदाराने तो विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यात आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे व गाठीचा सर्व पैसा खर्च केला. त्या उत्तरावर भूगर्भशास्त्रातील स्तरविज्ञान ही शाखा आज उभी आहे. त्या मोजणीदाराचे नाव विल्यम स्मिथ. त्याची जीवनकथा आम्ही येथे सांगत आहोत.

विल्यमचा जन्म २३ मार्च १७६९ रोजी इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यातील चर्चिल नावाच्या खेड्यात झाला. वडील गावचे लोहार. विल्यम ८ वर्षांचा असतानाच पितृछत्र हरपले आणि त्याला शेतकरी असलेल्या चुलत्याच्या आश्रयास राहावे लागले. गावच्या शाळेत जेवढे मिळेल तेवढेच शिक्षण त्याला मिळाले. मुलगा हुशार होता, पण चुलत्याच्या दृष्टीने त्याला काही विचित्र नाद होते. मऊ दगडावर सूर्यघड्याळे कोरीत बसावे, शेतातून दगड वेचून आणावे, असे त्याचे चाले. शेतकऱ्याच्या घरात असल्या नादांचे कौतुक कोण करणार? जमिनीतील पाण्याचा निचरा कसा करावा याविषयी मुलगा काही विचारू लागला, म्हणजे मात्र चुलता खूष होई.

त्या दगडांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. चर्चिलच्या आसपासच्या शेतांत नांगराच्या फाळाबरोबर गोल, चपटे, वर पाच पाकळ्यांची नक्षी असलेले दगड निघत. आकाराने व वजनाने ते इतके सारखे असत की गवळणी लोणी तोलताना त्यांचा वजनासारखा उपयोग करीत. दुसरे एक जातीचे लहान, वाटोळे शिंपलेवजा दगड मिळत. त्यांनी गावची मुले गोट्या खेळत. वस्तुतः पहिले दगड म्हणजे समुद्रतळाशी राहणाऱ्या, अंगभर काटे असलेल्या एका गोल प्राण्याची दगड झालेली कवचे होती आणि दुसरे म्हणजे दगड झालेले शिंपले होते. समुद्र तेथून कित्येक मैल दूर. मग समुद्रातील प्राणी या शेतात आले कसे? विल्यमने लहानपणी हा प्रश्न सोडविला नाही. परंतु ते दगड त्याच्या मनात कायमचे रुतून बसले.

भूमिती व मोजणी या विषयांची पुस्तके मिळवून त्याने स्वतःच त्यांचा अभ्यास केला. १७८७ साली एडवर्ड वेब नावाचा मोजणीदार चर्चिल गावच्या जमिनीची मोजणी करण्यास आला. १८ वर्षांचा हा चुणचुणीत तरुण त्याच्या नजरेत भरला आणि त्याने त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतले. साखळी ओढणे, पातळी लावणे, नकाशे काढणे ही कामे विल्यम झपाट्याने शिकला. मोजणीच्या निमित्ताने त्याची पुष्कळ पायपीट झाली. कोठे लाल माती, कोठे पांढरी, कोठे चिकण, कोठे रेताड. हा फरक तो पाहत होता आणि वहीत टिपून ठेवीत होता. अंगातील ही टिपण्याची सवयच पुढे त्याचे भांडवल ठरली.

१७९१ साली वेबने त्याला सॉमरसेट परगण्यात एका जहागिरीच्या मोजणीसाठी पाठविले. तेथवरचा प्रवास त्याने पायीच केला. हा मुलूख दगडी कोळशाच्या खाणींचा. स्मिथ मोजणीसाठी खाणींत उतरू लागला. जमिनीखालच्या त्या अंधारात त्याने पाहिले की, कोळशाचे व इतर खडकांचे थर एका ठरावीक क्रमाने एकावर एक पडलेले आहेत. एका खाणीत जो क्रम, तोच शेजारच्या खाणीत. खाणकामगारांना हे ठाऊकच होते. प्रत्येक कोळसाथराला त्यांनी नावे दिली होती आणि त्याच्या वरचा व खालचा खडक पाहून ते तो ओळखीत. स्मिथने त्यांना विचारले, कोळशाच्या वर जी तांबडी माती आहे आणि तिच्याही वर जे डोंगर आहेत, त्यांतही असाच क्रम आहे काय? खाणकामगारांनी सांगितले की, तेथे कसलाही क्रम नाही. या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. खाली व्यवस्था आणि वर अव्यवस्था, हे त्याच्या बुद्धीला पटेना.

ते पडताळून पाहण्याची संधी त्याच्याकडे चालून आली. खाणींतील कोळसा होड्यांतून बाहेर नेण्यासाठी एक कालवा खणण्याचे ठरले आणि त्याच्या मोजणीचे काम स्मिथकडे आले. १७९४ साली पार्लमेंटची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी कालव्याच्या मंडळातील दोघा सभासदांबरोबर इतर कालवे पाहण्यासाठी तो घोडागाडीतून उत्तर इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. सुमारे ९०० मैलांचा हा प्रवास झाला. सोबती कालवे व यंत्रे पाहत होते. स्मिथ त्यांच्याबरोबर डोंगरही पाहत होता. यॉर्क येथील भव्य चर्चच्या मनोऱ्यावर चढून त्याने दूरच्या टेकड्यांची नुसती बाह्यरेषा पाहिली आणि त्या खडूच्या टेकड्या असल्याचे ताडले. दक्षिणेकडील खडूच्या टेकड्यांचा घाट त्याच्या डोळ्यांत पक्का बसला होता.

पुढे कालव्याचे खणकाम सुरू झाले, तेव्हा मैलोगणती जमीन त्याच्या डोळ्यांसमोर चिरली गेली. त्याला दिसून आले की, येथले थर सपाट नाहीत. ते पूर्वेकडे हळूहळू उतरत गेले आहेत. हे नीट समजण्यासाठी वाचकांनी ताटातील पोळ्यांची चळत डोळ्यांसमोर आणावी. चळत एका बाजूस कलती केली आणि वरून सुरीने सपाट कापली, तर कापलेल्या पृष्ठावर प्रत्येक पोळीची कड एका पट्ट्याप्रमाणे दिसेल. सर्वांत खालची पोळी एका टोकास, सर्वांत वरची दुसऱ्या टोकास. इंग्लंडच्या त्या भागाची जमीन अशीच आहे. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जाणारा मनुष्य नकळत जुन्या थरावरून नव्या थरावर चढत असतो. कोळसा, तांबडी माती, निळसर चुनखडी, पिवळसर चुनखडी आणि सरतेशेवटी पांढरा खडू, अशी ती चढण आहे.

येथवर ठीक. परंतु एक मोठी अडचण उभी राहिली. पुष्कळ थर दिसण्यात अगदी सारखे असत. बाथ शहराजवळ पिवळसर चुनखडीचे दोन वेगवेगळे थर आहेत आणि त्यांच्यामध्ये आपण जिला मुलतानी माती म्हणतो, तशा मातीचा थर आहे. एखाद्या टेकडीवर चुनखडीचा नुसता तुकडा हाती आला, तर तो वरच्या थरातला की खालच्या थरातला, हे रंगावरून वा पोतावरून सांगता येत नसे. चिकणमातीच्या थरांचीही तीच गत. आणि एक थर ओळखण्यात चूक झाली की पुढचा सारा हिशेब चुकणार!

हे कोडे त्याच्या लहानपणच्या सोबत्यांनी, म्हणजे त्या दगड झालेल्या शिंपल्यांनी, सोडविले. त्यांना शास्त्रात जीवाश्म म्हणतात. आपल्या देवघरातील चक्रांकित शाळिग्राम हाही एक जीवाश्मच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील एका प्राण्याच्या वळणदार शंखाची खूण त्यात उमटलेली असते. बाथच्या परिसरात त्या कुळातील शंख विपुल सापडतात. स्मिथ ते जमवीत होता. पण नुसते सुंदर म्हणून जमविणाऱ्यांपेक्षा त्याची रीत वेगळी होती. कोणता शंख कोणत्या थरातून काढला, याची तो प्रत्येक वेळी नोंद करी. अशा नोंदी शेकड्यांनी जमल्यावर त्याच्या लक्षात आले की, प्रत्येक थराचे जीवाश्म ठरलेले आहेत. चुनखडीचे दोन थर दिसण्यात जुळ्या भावांसारखे असले, तरी एकातील शिंपले दुसऱ्यात नाहीत. तेव्हा थर ओळखायचा तर त्यातील जीवांवरून ओळखावा. ५ जानेवारी १७९६ रोजी डंकर्टन गावच्या एका खाणावळीत बसून त्याने हा विचार प्रथम कागदावर उतरविला. त्या वेळी त्याचे वय अवघे २६ वर्षांचे होते.

खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हे तत्त्व डेन्मार्कच्या स्टेनो नावाच्या विद्वानाने १६६९ सालीच मांडले होते. जीवाश्म हे एके काळच्या प्राण्यांचे अवशेष आहेत, हेही काही विद्वान जाणत होते. स्मिथने या दोन्ही गोष्टी एकत्र आणून जीवाश्मांना थराची ओळखपत्रे बनविले. त्यामुळे शंभर मैल दूर असलेल्या दोन टेकड्यांचे नाते सांगणे शक्य झाले. फ्रान्समध्ये कुव्हिए व ब्रोंन्यार हे दोघे शास्त्रज्ञ पॅरिसच्या परिसरात याच मार्गाने गेले. परंतु त्यांचे लेखन १८०८ नंतरचे आहे.

बाथमध्ये स्मिथला दोन गुणग्राही मित्र मिळाले. रेव्हरंड रिचर्डसन व रेव्हरंड टाउनसेंड हे दोघेही धर्मोपदेशक आणि दोघांनाही जीवाश्मांचा छंद. रिचर्डसनकडे मोठा संग्रह होता. स्मिथने तो पाहिला आणि कोणता नमुना कोणत्या थरातील आहे, हे एकामागून एक सांगण्यास सुरुवात केली. संग्रहाचा मालक थक्क झाला. इतकी वर्षे जपलेल्या आपल्या वस्तूंचा खरा अर्थ त्याला त्या दिवशी समजला. परीक्षा पाहण्यासाठी तिघे मिळून डंड्री नावाच्या टेकडीवर गेले. तेथे कोणते जीवाश्म सापडतील, हे स्मिथने आधीच सांगून ठेवले होते, तेच सापडले. १७९९ साली टाउनसेंडच्या घरी स्मिथने खडूपासून कोळशापर्यंतच्या २३ थरांची यादी, प्रत्येकाच्या जीवाश्मांसह, तोंडी सांगितली व रिचर्डसनने ती लिहून घेतली. तिच्या प्रती मित्रांत वाटल्या गेल्या. मित्रांकडून त्या आणखी इतरांकडे गेल्या.

येथे स्मिथच्या स्वभावातील एक गुण आणि एक दोष एकदमच दिसून येतो. आपल्याजवळ असलेले ज्ञान तो विचारील त्याला मोकळेपणाने देई. काही हातचे राखून ठेवावे, हे त्याच्या गावीही नव्हते. पण तेच ज्ञान ग्रंथरूपाने वेळीच प्रसिद्ध करण्याची शिस्त त्याच्या अंगी नव्हती. टिपणे ढिगांनी साचत; पूर्ण होई थोडेच. १८०१ साली त्याने नकाशासह एक ग्रंथ काढण्याची जाहिरात केली. परंतु प्रकाशकाचे दिवाळे निघाले आणि ग्रंथ राहिला तो राहिलाच. या दिरंगाईची फार मोठी किंमत त्याला पुढे मोजावी लागली.

१७९९ सालीच कालव्याच्या मंडळाने त्याला कामावरून दूर केले. तेव्हापासून तो स्वतंत्रपणे काम करू लागला. दलदलीच्या जमिनींचा निचरा करणे, नॉर्फोकच्या किनाऱ्यावर समुद्राने फोडलेले बांध घालणे, कोळसा लागेल की नाही हे सांगणे, अशा कामांसाठी जमीनदार त्याला बोलावीत. त्या काळी काळा खडक दिसला की कोळसा आहे असे समजून लोक खड्ड्यांत पैसा ओतीत. तो खडक कोळशाच्या थरांहून पुष्कळ वरचा आहे, येथे खणून काही उपयोग नाही, हे स्मिथ त्यातील शिंपल्यांवरून सांगू शके. १८१० साली बाथचे प्रसिद्ध ऊन पाण्याचे झरे आटले, तेव्हाही त्यालाच पाचारण करण्यात आले. खाली खणून पाण्याने दुसरी वाट धरल्याचे त्याने शोधून काढले आणि झरे पूर्ववत वाहते केले.

या कामांच्या निमित्ताने त्याची भ्रमंती अखंड चालू होती. एकेका वर्षात १०,००० मैलांपर्यंत त्याचा प्रवास होई, आणि त्या काळी आगगाडी नव्हती! घोडागाडीच्या टपावर बसून, घोड्यावरून किंवा पायी तो देश पालथा घालीत असे. मिळालेल्या पैशातला बराचसा या प्रवासातच जाई. एकच ध्यास होता: संपूर्ण देशाच्या भूस्तरांचा नकाशा.

अखेर १८१२ साली जॉन केरी नावाच्या नामांकित नकाशाकाराने तो नकाशा छापण्याचे अंगावर घेतले आणि १ ऑगस्ट १८१५ रोजी तो प्रसिद्ध झाला. वॉटर्लूच्या लढाईला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. नकाशा १५ तावांचा होता. ते सर्व जोडले म्हणजे सुमारे साडेआठ फूट उंच व सहा फूट रुंद असे चित्र तयार होई. एका इंचास पाच मैल हे त्याचे प्रमाण. त्यात इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडचा काही भाग होता. सुमारे ४०० प्रती निघाल्या आणि प्रत्येक प्रत हाताने रंगविलेली. रंग देण्यातही युक्ती होती. प्रत्येक थराच्या तळाकडील कड गडद ठेवून रंग वरच्या बाजूस फिका करीत नेला होता. त्यामुळे कोणता थर कोणावर पहुडला आहे, हे पाहताक्षणी डोळ्यांना समजे. खडूला त्याने हिरवा रंग दिला. ब्रिटनच्या भूस्तरीय नकाशांत खडू आजही हिरवाच दाखवितात. एवढा मोठा देश, त्याच्या पोटातील थरांसह, प्रथमच कागदावर उतरला होता आणि तो उतरविण्यासाठी एकच माणूस राबला होता. त्याच वर्षी कला-उत्तेजक मंडळीने त्याला ५० गिनींचे बक्षीस दिले.

आता त्याचे दिवस पालटले असे वाचकांस वाटेल. पण घडले नेमके उलट. लंडनमध्ये १८०७ साली भूगर्भशास्त्राची एक संस्था स्थापन झाली होती. तिचे सभासद बहुधा सुखवस्तू, सुशिक्षित गृहस्थ. लोहाराच्या मुलाला, वेतनासाठी मोजणी करणाऱ्याला त्यांनी आपल्यात बोलाविले नाही. संस्थेचा अध्यक्ष ग्रीनो याने स्मिथच्या घरी जाऊन त्याचे काम पाहिले होते; नंतर याच ग्रीनोच्या देखरेखीखाली संस्थेने आपला निराळा नकाशा तयार केला. १८२० च्या सुमारास तो बाहेर पडला आणि स्मिथच्या नकाशाहून तो स्वस्त होता. ग्रीनोने इतर अनेकांकडूनही माहिती गोळा केली होती, हे खरे. तरी स्मिथची यादी वीस वर्षे हातोहात फिरत होती आणि तिचा लाभ त्यात झालेला होता, हेही तितकेच खरे. स्मिथच्या नकाशाची विक्री त्यामुळे खालावली.

परंतु न्यायाने बोलायचे तर त्याच्या दारिद्र्याचे सारे खापर ग्रीनोच्या माथी फोडता येणार नाही. ऐपतीबाहेर जाऊन त्याने लंडनमध्ये मोठे घर ठेवले होते. बाथजवळ त्याने दगडाची खाण काढली, तिच्यापायी कर्ज केले आणि दगड हलका निघाल्याने तो व्यवहार पार बुडाला. पत्नीचे मानसिक स्वास्थ्य बिघडले होते. १८१५ पासून जॉन फिलिप्स हा पोरका भाचाही त्याच्याच आश्रयास होता. पैशासाठी त्याने आपला जिवापाड जपलेला जीवाश्मसंग्रह ब्रिटिश म्युझियमला विकला. सारे मिळून सुमारे ७०० पौंड हाती आले. कर्जाच्या मानाने ते पुरेसे नव्हते. ११ जून १८१९ रोजी सावकाराच्या फिर्यादीवरून त्याची लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात रवानगी झाली. ३१ ऑगस्टला तो सुटला आणि घरी येऊन पाहतो तो दारात जप्तीचा माणूस उभा! घर गेले, सामान गेले. देशाचा नकाशा काढणाऱ्या या माणसाला वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्या नकाशात स्वतःचे म्हणून एक घर उरले नाही.

त्याने लंडन सोडले. पत्नी व भाचा यांना घेऊन तो उत्तरेस यॉर्कशायरकडे गेला आणि मिळेल तेथे मोजणीची कामे करीत राहिला. या काळात त्याने परगण्यांचे भूस्तरीय नकाशे काढले, यॉर्क, हल व स्कारबरो येथे व्याख्याने दिली. जॉन फिलिप्स त्याच्या हाताखाली तयार होत होता. १८२८ साली सर जॉन जॉन्स्टन या जमीनदाराने त्याला हॅकनेस येथील आपल्या जमिनीचा कारभारी नेमले. स्कारबरो येथे १८२९ साली जे वाटोळे वस्तुसंग्रहालय उघडण्यात आले, त्याची कल्पना स्मिथचीच. तेथील भिंतीवरच्या फळ्यांवर जीवाश्म थरांच्या क्रमाने मांडले होते. सर्वांत जुने खालच्या फळीवर आणि नवे वर. खाणीत उतरल्यावर जे दिसते, तेच पाहुण्याला दिवाणखान्यात उभे राहून दिसावे, अशी ती योजना होती. ती इमारत आजही उभी आहे.

इकडे लंडनच्या त्या संस्थेत नवी पिढी आली होती. तिच्यातील तरुण अभ्यासक डोंगर तुडवून आले होते आणि जेथे जावे तेथे स्मिथची रेषा खरी ठरते, हा अनुभव त्यांनी घेतला होता. १८३१ साली संस्थेने आपले नवे वुलस्टन पदक प्रथम कोणास द्यावे याचा विचार केला आणि एकमुखाने स्मिथची निवड केली. अध्यक्ष अ‍ॅडम सेज्विक याने भर सभेत त्याला इंग्लंडच्या भूगर्भशास्त्राचा जनक म्हणून गौरविले. ज्या संस्थेने त्याला दाराबाहेर ठेवले होते, तिनेच हा मान दिला. पुढील वर्षी सरकारने त्याला सालीना १०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. १८३५ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजाने सन्माननीय डॉक्टर पदवी दिली. १८३८ साली पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी दगड निवडणाऱ्या समितीवर त्याची नेमणूक झाली आणि जवळजवळ सत्तरीचा हा वृद्ध पुन्हा एकदा देशभर खाणी पाहत हिंडला. ऑगस्ट १८३९ मध्ये बर्मिंगहॅम येथील शास्त्रज्ञांच्या परिषदेस जाताना वाटेत नॉर्दॅम्प्टन येथे तो आजारी पडला आणि २८ तारखेस तेथेच त्याने देह ठेवला. १८६५ साली संस्थेने ग्रीनोच्या नकाशाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा तो मूळ स्मिथच्या नकाशाच्या आधारे केलेला आहे, असे तिच्यावर स्पष्ट छापण्यात आले. लंडनमध्ये संस्थेच्या वास्तूत दोघांचेही नकाशे शेजारी शेजारी टांगले गेले.

स्मिथचे कार्य त्याच्याबरोबर संपले नाही. भाचा जॉन फिलिप्स मोठा शास्त्रज्ञ झाला. १८४१ साली त्याने जीवाश्मांच्या आधारे पृथ्वीच्या इतिहासाचे पुराजीव, मध्यजीव व नवजीव असे तीन महाकल्प पाडले. तेच आज सर्व जगात रूढ आहेत. फिलिप्स काही काळ डब्लिनला प्राध्यापक होता. १८४५ मध्ये त्याच्या जागी टॉमस ओल्डहॅम हा आला, आणि याच ओल्डहॅमने १८५१ साली कलकत्त्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या कामाचा पाया घातला. अशा रीतीने चर्चिलच्या शेतातील ती विद्या दोन पिढ्यांत आपल्या देशात येऊन पोहोचली. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा आणि बंगालच्या दामोदर खोऱ्यातील कोळसा एकाच काळचे आहेत, हे आपण त्यांच्या थरांतील एकाच जातीच्या पानांच्या ठशांवरून ओळखतो. हा मार्ग स्मिथचाच.

आणि आमच्या अगदी जवळचेही एक उदाहरण आहे. माळव्याचा काळा पाषाण हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. तप्त रसात जीव कोठून राहणार? त्यामुळे त्यात शिंपले शोधणे व्यर्थ. परंतु धार जिल्ह्यात बाघ गावाच्या परिसरात, जेथे या पाषाणाखालचे थर उघडे पडले आहेत, तेथे चुनखडी आहे; आणि त्या चुनखडीत कालवांचे शिंपले आहेत, तसेच चर्चिलच्या गवळणी ज्यांनी लोणी तोलीत त्या समुद्रप्राण्यांच्या कुळातील कवचेही आहेत. या जीवाश्मांची इतर देशांतील जीवाश्मांशी तुलना करून शास्त्रज्ञांनी ठरविले की, हे थर इंग्लंडातील पांढऱ्या खडूच्याच युगातले, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात तेव्हा समुद्राचे पाणी शिरले होते. सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते थर जरूर पाहावेत. त्यातील काही भाग संरक्षित आहे. तेथून काही उचलू नये. कोणता थर खाली, कोणता वर, कोणत्या थरात काय दिसले, एवढे वहीत टिपून आणावे. जागेची नोंद नसलेला जीवाश्म हा नुसता शोभेचा दगड होय, हे स्मिथने रिचर्डसनच्या संग्रहासमोर उभे राहून दाखवून दिलेच आहे.

स्मिथपाशी पदवी नव्हती, पैसा नव्हता, वशिला नव्हता. पाहण्याची व पाहिलेले टिपून ठेवण्याची सवय तेवढी होती. तिच्या जोरावर त्याने जे मिळविले, ते त्याचे हितशत्रू व सावकार दोघेही हिरावून घेऊ शकले नाहीत. मात्र आपल्या विद्यार्थ्यांनी त्याच्या चुकीपासूनही धडा घ्यावा. जे कळले ते दुसऱ्यास अवश्य सांगावे. परंतु सांगण्याबरोबर ते वेळीच, नीटनेटके लिहूनही काढावे. पुढच्या खेपेस गावात विहीर खणली जाऊ लागली, तर क्षणभर काठावर उभे राहा, त्या खणणाऱ्या दादांना दोन प्रश्न विचारा आणि त्यांचे उत्तर घरी जाऊन तारखेसह वहीत लिहून ठेवा.